मागं उभा राहील त्याला

आण्णांची चित्रं बघायची असतील तर त्यांच्या घरी जाऊन उपयोग नव्हता. शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी सलून आहे, तिथं आरशाच्या वर त्यांचं एक चित्र आहे. पुढच्या वळणावरच्या पिठाच्या गिरणीत एक आहे. रंकाळ्यावर भेळ विकणाऱ्याच्या घरी एक आहे, पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारातल्या एका दलालाकडं एक आहे आणि माझ्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानातही एक आहे, जळक्या वार्निशच्या धुरानं जरा पिवळं पडलेलं. पण खुद्द आण्णांच्या घरात, बाहेरच्या खोलीपासून मागच्या न्हाणीपर्यंत, भिंतीला फक्त एक दूध डेअरीचं कॅलेंडर होतं. त्यावरची म्हैससुद्धा फोटोतली होती.

आण्णांच्या बायकोला, म्हणजे काकींना, कुणी पाहुण्यानं विचारलंच, की तुमच्याकडची चित्रं दाखवा की, तर त्या पदराला हात पुसत म्हणायच्या, "आमच्यात चित्रकार हाय, चित्र न्हाई." एवढं बोलून चहा टाकायला आत जायच्या. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्यात काही दुखत असेल असं माझ्या ध्यानातच आलं नाही. माझं दुकान त्यांच्या घराला लागून. भिंत एकच. तरीही.

आण्णांचं कागदोपत्री नाव बाळगोंडा. कोडोलीच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा. घरचं गुऱ्हाळ होतं. चित्रकला शिकायला कोल्हापुरात आले आणि इथलेच झाले. पोटासाठी त्यांनी आयुष्यभर शाईचं काम केलं. टाकाचं निब दौतीत बुडवून लग्नपत्रिकेवरचे गणपती, दिवाळी अंकातल्या कथांची चित्रं, शेतीच्या पुस्तकातला खोडकिडा, मसाल्याच्या पुडीवरची सुगरण, सगळं काढलं. कोल्हापुरातल्या निम्म्या लोकांच्या लग्नाला आण्णांचा गणपती हजर होता आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं.

जलरंग मात्र त्यांनी कधी विकला नाही. ते म्हणायचे, "शाई पोटाला, पाणी वाटायला." आणि वाटायचेही तसेच. त्याची एक ठरलेली रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

हा माणूस कापडी घडीचं स्टूल, पाठीला अडकवायची पिशवी आणि दह्याच्या रिकाम्या डब्यात पाणी घेऊन रस्त्यावर कुठंही बसायचा. डोक्याला पांढरी टोपी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. आपल्या गावात कुणी नुसतं खड्डा उकरायला लागलं तरी चार माणसं बघायला थांबतात, मग चित्राला कशी थांबणार नाहीत? आण्णांच्या मागं हा घोळका जमायचा. मान तिरकी करून बघायचा, सल्ले द्यायचा, म्हशीचं शिंग उलट्या बाजूला वळलंय म्हणून सांगायचा, कंटाळून निघून जायचा. आण्णा हो, व्हय, बरं करायचे, पण मागं वळून म्हणून बघायचे नाहीत. चित्र संपलं, की कागद फळीवरून सोडवायचा, दोन्ही हातांनी धरायचा आणि न वळता खांद्यावरून मागं करायचा. शेवटपर्यंत जो उभा राहिला असेल त्यानं तो घ्यायचा. संपलं. देणाऱ्यानं तोंड बघितलं नाही, घेणाऱ्यानं नाव सांगितलं नाही.

मी एकदा म्हटलं, आण्णा, निदान कुणाला देताय ते तरी बघा. त्यावर त्यांनी मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. गुऱ्हाळावर रस उकळत असताना काहिलीपाशी उभ्या राहिलेल्या माणसानं नजर हलवायची नसते. क्षणभर दुर्लक्ष झालं तर अख्खी काहील हातची जाते. पण गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला गूळ दिल्याशिवाय लावून द्यायचंही नाही, ही गावाची चाल. म्हणून आण्णांचे वडील काहिलीवरची नजर न काढता, गरम गुळाचा खडा पानावर घेऊन हात मागं करायचे. जो उभा असेल तो घ्यायचा. त्यात पाटील आला, भिकारी आला, भांडण झालेला भाऊबंद आला.

"तोंड बघितलं की माणूस निवडाय लागतोय," आण्णा म्हणाले. "गूळ असा निवडून द्यायचा नसतोय."

गुऱ्हाळ त्यांच्या रंगाच्या डब्यातही होतं. कंपनीनं ट्यूबवर छापलेली नावं त्यांना पसंत नव्हती. तपकिरी रंगाला ते काकवी म्हणायचे, पिवळ्याला कोवळा गूळ, काळपट हिरव्याला उसाचा पाला. एकदा रंगाच्या दुकानात जाऊन त्यांनी दोन ट्यूब काकवी मागितली. दुकानदार नवा होता, त्यानं त्यांना किराणा दुकानाचा पत्ता दिला. आण्णा रागावले नाहीत, त्या पत्त्यावर जाऊन काकवीची बाटली घेऊन आले. त्या महिन्यात दुकानात आम्ही सगळ्यांनी भाकरीबरोबर काकवी खाल्ली.

शाईच्या कामात मात्र त्यांना लोकांचं तोंड बघावंच लागायचं, आणि तिथं त्यांची फजिती व्हायची. एका तालमीच्या स्मरणिकेसाठी त्यांनी एका जुन्या पैलवानाचं रेखाचित्र काढलं होतं. पैलवान ते बघायला माझ्या दुकानातच आले, कारण आण्णांच्या घराचं दार त्यांना अरुंद पडायचं. आता कुस्तीत घासून घासून पैलवानाचे कान मोडतात, गोळा होतात, हे आपल्याला माहीत असतं. आण्णांनी सौजन्य म्हणून ते कान सरळ काढले होते. छान, देखणे, कारकुनाला शोभतील असे.

पैलवानांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"आण्णा, ह्यो कोण?"

आण्णा म्हणाले, तुम्हीच की.

"कान मोडायला माझं आयुष्य गेलं," पैलवान म्हणाले, "आणि तुमी एका दुपारात सरळ केलासा?"

शाई पुसता येत नाही. आण्णांनी तिथंच माझ्या टेबलावर दौत उघडली आणि त्या सुंदर कानांवर रेघा वाढवायला सुरुवात केली. पैलवान शेजारी बसून आजून, आजून जरा, असं सांगत होते. शेवटी कान असे झाले, की चेहरा त्यांच्या आधारानं उभा आहे असं वाटावं. पैलवान खूश झाले आणि आण्णांच्या पाठीवर थाप मारून गेले. ती थाप आण्णांना आठवडाभर पुरली. "शाईत पुसता येत न्हाई," खांदा चोळत ते म्हणाले, "पर वाढवता येतंय." पुढं कुणाची काही चूक झाली, की हे वाक्य ते हमखास काढायचे. माझी मोटर उलटी फिरली तेव्हाही काढलं.

दुधाच्या कट्ट्यावरची गोष्ट तर गंगावेशीत अजून सांगतात. संध्याकाळी तिथं म्हशी आणून बांधतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. आण्णा म्हशींचं चित्र काढत बसले होते. एका गवळ्यानं मायेनं एक ग्लास दूध त्यांच्या पाण्याच्या डब्याशेजारी आणून ठेवलं. आण्णांची नजर म्हशीवर. ब्रश गेला दुधात. आभाळाचा निळा रंग दुधातून कागदावर आला आणि वाळताना ढगाळला. आण्णांना वाटलं, वा, आज धुकं चांगलं साधलं. मग त्याच नजरेनं त्यांनी हात पुढं केला, डबा तोंडाला लावला, घोट घेतला आणि समोर बघतच म्हणाले, दुधात पाणी हाय की.

हे वाक्य कोल्हापुरात कुठं बोलावं आणि कुठं बोलू नये याचे काही नियम आहेत. म्हशीच्या समोर, धार काढणाऱ्या गवळ्याच्या समोर, कट्ट्यावर उभं राहून तर नाहीच नाही. आजूबाजूची धार थांबली. गवळी चरवी ठेवून उठला. डोळ्यांदेखत पिळलेल्या दुधात पाणी कुठनं आलं, हे विचारायला तो आण्णांच्या पुढं येऊन उभा राहिला आणि त्याला दिसलं, की चित्रकाराच्या पांढऱ्या मिशा निळ्या झाल्या आहेत. मग जो हशा पिकला, त्यानं म्हशीसुद्धा बिचकल्या. गवळी हसत हसत मागं जाऊन उभा राहिला तो चित्र संपेपर्यंत हलला नाही. चित्र त्यालाच मिळालं. महिन्याभरानं तो दुकानात आला आणि म्हणाला, आण्णा, तुमच्या आभाळाला मुंग्या लागल्यात. आण्णांनी विचार करून सांगितलं, की लागू देत, कुणाला तरी गोड वाटलं.

आता काकींकडं येतो. खरं तर आधीच यायला हवं होतं, पण काकी अशाच मागं राहतात.

त्यांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवायचं, ही जैन घराची चाल दोघांनी कडक पाळलेली. सूर्य उतरायला लागला, की आण्णांच्या खिशातला मोबाइल वाजायचा आणि काकी एवढंच म्हणायच्या, भाकरी टाकली. आण्णा जिथं असतील तिथून उठायचे. म्हणून त्यांच्या चित्रांत संध्याकाळचं ऊन भरपूर, लांब सावल्या भरपूर, पण दिवेलागण एकाही चित्रात नाही. पुण्याच्या एका जाणकारानं यावर मोठा लेख लिहिला होता, की हा चित्रकार अंधाराच्या उंबऱ्यावर थांबतो, कारण त्याचा प्रकाशावर विश्वास आहे. लेख मी काकींना वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला आणि विचारलं, "ह्यात भाकरीचं कुठं हाय?"

आणि या भाकरीपायीच काकींना चित्र मिळालं नाही. आण्णा गल्लीत बसले, की त्या दारापर्यंत यायच्या, मागं क्षणभर थांबायच्या, हं म्हणायच्या आणि तव्यावर काहीतरी असल्यामुळं आत जायच्या. शेवटपर्यंत उभं राहणं त्यांना कधी जमलं नाही. नियम म्हणजे नियम, आण्णांनी तो बायकोसाठी मोडला नाही. काकींनी कधी मागितलं नाही. मला हा आण्णांचा आडमुठेपणा वाटायचा. अजूनही वाटतो. गुळाची चाल खरी, पण घरातल्या माणसाला गुऱ्हाळावर उभं राहायला लावायचं म्हणजे काय?

मग आण्णांचा हात थरथरायला लागला. पहिल्यांदा बशीतल्या चहावर दिसलं. नंतर शाईच्या रेघेत दिसलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हळूहळू वाढेल असंही सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी पद्मा पुण्यात नोकरी करते, तिनं आई-बाबांनी आता आपल्याकडं यावं असा हट्ट धरला. आण्णा बऱ्यापैकी सहज तयार झाले. पुण्यातही रस्ते हायत, म्हणाले. घर कोडोलीच्या पुतण्याला राहायला द्यायचं ठरलं आणि सामानाची बांधाबांध सुरू झाली.

त्या दिवसांत एकदा मी पंखा उतरवून द्यायला त्यांच्याकडं गेलो होतो. काकींनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, गुंडाळलं, परत उलगडलं.

"सुरेश," त्या म्हणाल्या, "साऱ्या गावाकडं ह्यांचं चित्र हाय. मी पुण्याला काय घिऊन जाऊ? कॅलेंडर?"

त्या हसत होत्या, पण हातातलं कॅलेंडर खाली ठेवत नव्हत्या. तेव्हा मला त्या जुन्या वाक्यातलं दुखणं कळलं. मी स्टुलावर उभा होतो, हातात पंख्याचं पातं होतं.

मी ते पद्माला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, जायच्या आधी बाबांच्या चित्रांचं प्रदर्शन करू, गावातली सगळी चित्रं एकत्र आणू. लोकही बघतील आणि त्यातलं एखादं कुणीतरी आईला देईल. कल्पना चांगली होती. अडचण एवढीच, की चित्रं कुणाकडं आहेत हे चित्रकारालाच माहीत नव्हतं. त्यानं कुणाचं तोंडच बघितलं नव्हतं.

मी आण्णांना स्कूटरवर मागं बसवलं आणि आम्ही हिंडायला लागलो. त्यांना माणसं आठवत नव्हती, आवाज आठवत होते. रंकाळ्यावर मागं उभा होता तो बोलताना सारखा नाक ओढायचा. बिंदू चौकात होता त्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, फटक फटक वाजायची. जोतिबाच्या पायथ्याला एक बाई होत्या, त्यांच्या पिशवीत कोंबडं होतं. गिरणीचं चित्र तर आमच्याच गल्लीतलं, पण आण्णांना ते गिरणीवाल्याला दिलंय हेच ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी ते एका खोकणाऱ्याला दिलं होतं. मी गिरणीत नेलं तर आण्णा गिरणीवाल्याकडं पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "जरा खोका बघू."

गिरणीवाला पिठानं पांढरा, गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. मी खूण केली, खोका. तो खोकला. आण्णांनी डोळे मिटले. "आजून एकदा." तो पुन्हा खोकला, यावेळी मनापासून. आण्णांचा चेहरा उजळला. "भाद्रपदातली दुपार," ते म्हणाले, "केळीवाल्याची गाडी." गिरणीवाल्यानं वर बोट केलं. तिथं भिंतीवर केळीवाल्याची गाडीच होती, पिठाच्या थरामुळं त्यावर बर्फ पडल्यागत दिसत होतं.

लोक सापडत गेले. चित्र मात्र कुणी हातात देईना. तुमी या, च्या घ्या, पोटभर बघा, पण भिंतीवरनं हलवायचं नाव काढू नका, असंच सगळीकडं उत्तर. प्रदर्शनात गेलेलं चित्र परत येत नाही, असं कुणीतरी गावात उठवलं होतं. शेवटी तडजोड झाली, की ज्यानं त्यानं आपलं चित्र स्वतः आणायचं, स्वतः सांभाळायचं आणि संध्याकाळी स्वतः घेऊन जायचं.

प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये झालं. मी पुष्कळ प्रदर्शनं बघितलेली नाहीत, पण असं कुठं होत नसावं. प्रत्येक चित्राशेजारी त्याचा मालक उभा. सलूनवाल्यानं आपल्या चित्राला लॅमिनेशन केलं होतं. बाजारातल्या दलालानं चित्रातल्या बैलाला हळदकुंकू लावलं होतं आणि ते पुसायला तो तयार नव्हता. चहाच्या गाड्यावाल्याचं चित्र वाफेनं सगळं तांबूस झालेलं, त्याकडं आण्णा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, मला असा रंग कधी जमला नव्हता. गवळी आला होता, त्याच्या चित्रातलं आभाळ मुंग्यांनी खाऊन जवळजवळ कोरं केलं होतं. बघायला येणारा चित्रापुढं थांबला, की मालक बोलायला लागायचा. चित्राविषयी नाही, त्या दिवसाविषयी. मी कसा उभा होतो, ऊन किती होतं, बायको घरी कशी बोलली. सगळा हॉल गजबजलेला. आण्णा मधून हिंडत होते आणि कुणाच्या पाठीमागं खोकला झाला, की थबकून ओळख पटवत होते. मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला.

काकी दारापाशी खुर्चीवर बसून होत्या. त्यांच्याकडं एकही चित्र नाही, ही बातमी कुणीतरी गिरणीवाल्याला सांगितली. तो तिथल्या तिथं केळीवाल्याची गाडी भिंतीवरून उतरवून त्यांच्यापुढं घेऊन आला. काकी, हे तुम्ही न्या, म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, किंवा पीठ गेलं असेल.

काकींनी चित्र बघितलं. कडेला लागलेलं पीठ पदरानं पुसलं आणि परत दिलं. दिलेलं परत घेत नसत्यात, म्हणाल्या, आणि उन्हात उभं तुम्ही राहिलासा, मी नव्हे. मग त्या उठल्या आणि आण्णांच्या समोर गेल्या. भोवतीच्या माणसांनी आपसूक वाट दिली.

"मी शेवटपर्यंत उभी ऱ्हायली तर?"

आण्णा टोपी काढून हातात घेऊन उभे होते. टोपी थरथरत होती.

"तर तुझं की," ते म्हणाले. "पर हात हलतोय गं आता."

"हलू दे," काकी म्हणाल्या. "मी कुठं हलाय लागलोय?"

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी दुपार कलल्यावर आण्णांनी गल्लीच्या पलीकडच्या कडेला, घराकडं तोंड करून स्टूल मांडलं. घरात बसायला दुसरं काही उरलंच नव्हतं, सगळं बांधलेलं. समोर आमची गल्ली. त्यांचं दार, शेजारी माझ्या दुकानाचं शटर, विजेचे खांब, तारा, गिरणीचा पत्रा, दुधाच्या किटल्या अडकवलेली मोटरसायकल. काकी मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या गुडघ्यांचं मला माहीत होतं, म्हणून दुकानातली खुर्ची नेऊन ठेवली. त्यांनी ती पायानं बाजूला सारली आणि म्हणाल्या, बसून चालत न्हाई.

आण्णांनी काम सुरू केलं. मी शटरच्या आतून बघत होतो, मधे मधे मोटरशी खुडबूड करत. आधी पाणी, मग कोवळा गूळ, मग काकवी. हात हलत होता, पण पाण्याच्या रंगात ते खपून जात होतं. येणारे-जाणारे थांबायचे, काकींना बघायचे आणि आज आपला नंबर नाही हे ओळखून पुढं जायचे. ऊन गिरणीच्या पत्र्यावर चढलं, मग पत्र्यावरून उतरलं. जेवणाची वेळ झाली. आण्णांचा हात सवयीनं खिशाकडं गेला. मोबाइल वाजला नाही. त्यांनी ब्रश डब्यात ठेवला आणि उठायला लागले.

"बसा," मागून काकी म्हणाल्या. "गॅस बंद हाय. आज जेवाण न्हाई."

आण्णा परत बसले. दिवस मावळला. दोघांनाही आता सकाळपर्यंत काही खायचं नव्हतं. खांबांवरचे दिवे लागले, गिरणीतली ट्यूब लागली, माझ्या दुकानातला बल्ब मी लावला. आण्णांनी टाक काढला आणि शाईनं तारा ओढल्या. त्या चांगल्याच थरथरल्या, पण आमच्या गल्लीतल्या तारा कधी सरळ होत्या?

मी न राहवून बाहेर येऊन बाजूनं डोकावलो. चित्रात दिवे लागलेले होते. आता जलरंगाचं एक असतं, आण्णांनी ते मला कितीदा सांगितलं होतं. पांढरा रंग डब्यातून काढून वर लावायचा नाही, तो कागदाचाच असतो. जिथं उजेड हवा तिथला कागद अगदी सुरुवातीलाच कोरा राखावा लागतो, नंतर आणता येत नाही. म्हणजे भर उन्हात पहिलं पाणी फिरवतानाच आण्णांनी या दिव्यांच्या जागा सोडल्या होत्या. काकी जेवणवेळ ओलांडून उभ्या राहणार, हे त्यांनी धरलेलं होतं.

चित्र संपलं. आण्णांनी कागद फळीवरून सोडवला, दोन्ही हातांनी धरला आणि नेहमीसारखा न वळता खांद्यावरून मागं केला. कागद फडफडत होता. तो कुणी घेतला नाही. त्यांनी आणखी थोडा मागं केला.

"असं मागनं कशाला?" काकी म्हणाल्या. "मी काय रस्त्यावरची पावणी हाय? हिकडं तोंड करून द्या."

आण्णांनी पाय सोडवले, स्टुलासकट हळूहळू वळले आणि चित्र पुढं केलं. काकींनी दुसरी बाजू धरली, तेव्हा कागदाचं हलणं थांबलं. त्या दिव्याच्या उजेडात चित्राकडं बघत होत्या आणि आण्णा त्यांच्याकडं. हा माणूस जन्मभर चित्रं वाटत होता, पण चित्र हातात येताना माणसाचं तोंड कसं होतं, ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

"ह्ये बघायचं ऱ्हाऊनच गेलतं की," आण्णा म्हणाले.

काकींनी चष्मा सारखा केला, आणि आपल्या दाराचा रंग चुकलाय म्हणून सांगितलं.